वापरलेल्या जुन्या संगणकावर ऑपरेटिंग सिस्टिमचे अपग्रेड पुन्हा पुन्हा मागे फिरत असेल तर

वापरलेला संगणक घेतलेल्या बहुतेकांना एक अडचण केव्हा ना केव्हा भेटते. ऑपरेटिंग सिस्टिमची नवी आवृत्ती व्यवस्थित डाउनलोड होते, टक्केवारी सरकू लागते, यंत्र दोन-तीन वेळा रीस्टार्ट होते, आणि तासाभराने बदल मागे घेतले जात असल्याची ओळ पडद्यावर येऊन जुनीच आवृत्ती पुन्हा समोर उभी राहते. काही दिवसांनी अपडेटची सूचना परत येते, आपण पुन्हा होकार देतो आणि पुन्हा तेच घडते. येथे मी प्रामुख्याने विंडोज १० वरून विंडोज ११ वर जाताना येणाऱ्या अडचणीविषयी लिहीत आहे, कारण विंडोज १० चे नियमित समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि त्यामुळे जुन्या यंत्रांच्या बाबतीत हा प्रश्न पुढे ढकलण्यासारखा राहिलेला नाही.

नव्या यंत्रात आणि वापरलेल्या यंत्रात येथे एक मूलभूत फरक आहे. नवे यंत्र कारखान्यातून कोणत्या अवस्थेत निघाले हे निश्चित असते. वापरलेले यंत्र मात्र आधीच्या कार्यालयाच्या सेटिंग्ज, विक्रेत्याने एकाच प्रतीवरून उतरवलेली डिस्क, बदललेली रॅम आणि गोदामात वीज न मिळता गेलेले महिने हे सगळे पोटात घेऊन आपल्याकडे येते. त्यामुळे अपडेटचा ट्रबलशूटर चालवणे किंवा डाउनलोडचा फोल्डर रिकामा करणे हे नेहमीचे उपाय अशा यंत्रावर बरेचदा फळत नाहीत. माझा आग्रह असा आहे की अपग्रेड दुसऱ्यांदा फसल्यावर तिसरा प्रयत्न करूच नये. यंत्र पात्र आहे का, अपग्रेड नेमके कोणत्या टप्प्यावर अडते आणि आधीच्या हातांनी यंत्रात काय मागे ठेवले आहे, या तीन गोष्टींचा छडा लागेपर्यंत ते बटण दाबण्यात अर्थ नाही.

हात लावण्यापूर्वी

स्वतःच्या फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात आणि त्यांतल्या दोन-चार दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात. न तपासलेला बॅकअप मी बॅकअप मानत नाही. त्यानंतर डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे कीशिवाय वाचता न येणारी, आहे का हे पाहावे, कारण वापरलेल्या यंत्रात सर्वांत महागात पडणारी चूक येथे होते. बिटलॉकर या विंडोजच्या एन्क्रिप्शन सोयीने कुलूपबंद केलेल्या डिस्कच्या संगणकावर टीपीएम (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी सोय) किंवा सिक्युअर बूट (चालू होताना फक्त विश्वासार्ह सॉफ्टवेअरला वाव देणारी सोय) यांची सेटिंग्ज बदलली, तर पुढच्या वेळी चालू होताना तो ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतो. ही की ज्याने एन्क्रिप्शन सुरू केले त्याच्या खात्यात जपलेली असते, आणि तो माणूस यंत्राचा आधीचा मालक असेल तर आपल्याला ती मिळण्याचा मार्ग राहत नाही. प्रशासकाच्या अधिकाराने उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘मॅनेज-बीडीई -स्टेटस’ ही आज्ञा दिली की प्रत्येक ड्राइव्हची स्थिती दिसते. एन्क्रिप्शन चालू असल्यास ते काढून टाकावे आणि मगच पुढे जावे.

बायॉसच्या, म्हणजे विंडोजच्याही आधी यंत्र चालू करणाऱ्या मूळ प्रणालीच्या, प्रत्येक पानाचे मोबाइलने छायाचित्र काढून ठेवणेही तितकेच आवश्यक आहे. याचा उपयोग कसा होतो ते पुढे सांगितले आहे.

यंत्र पात्र आहे का

विक्रेते पुष्कळदा ‘आय५ आहे’ एवढेच सांगतात, परंतु त्यावरून प्रोसेसर कोणत्या पिढीचा आहे हे कळत नाही. पिढी पुढच्या आकड्यात असते. आय५-७२००यू हा सातव्या पिढीचा, आय५-८२५०यू हा आठव्या पिढीचा आणि आय५-१०२१०यू हा दहाव्या पिढीचा प्रोसेसर होय. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलचे आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर आहेत. सातव्या पिढीतले अपवाद अगदी मोजके आहेत. एएमडीच्या बाबतीत ही यादी साधारणपणे रायझन २००० मालिकेपासून सुरू होते. याखेरीज ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, सिक्युअर बूटची क्षमता असलेले यूईएफआय (बायॉसचा आधुनिक प्रकार) आणि टीपीएम २.० ह्या अटी आहेत. विंडोज ११ ची ३२ बिटची आवृत्ती नाही. त्यामुळे विक्रेत्याने ३२ बिटचे विंडोज १० घालून दिले असेल, तर प्रोसेसर कितीही चांगला असला तरी थेट अपग्रेड होणार नाही आणि स्वच्छ इन्स्टॉलच, म्हणजे डिस्क पुसून नव्याने विंडोज घालणे, करावे लागेल.

टीपीएमची आवृत्ती पाहण्यासाठी ‘टीपीएम.एमएससी’ चालवून ‘स्पेसिफिकेशन व्हर्जन’ ही ओळ वाचावी. तेथे टीपीएम सापडत नसल्याचा संदेश आला, तरी लगेच निराश होऊ नये. आठव्या पिढीच्या पुष्कळ यंत्रांत टीपीएम बायॉसमध्ये केवळ बंद ठेवलेले असते. इंटेलच्या यंत्रांत ते ‘पीटीटी’ आणि एएमडीच्या यंत्रांत ‘एफटीपीएम’ या नावाने सापडते. टीपीएम १.२ दिसत असल्यास उत्पादकाच्या अधिकृत पानावर आपले मॉडेल शोधावे, कारण काही व्यावसायिक मॉडेलांसाठी टीपीएम २.० वर नेणारे फर्मवेअर (हार्डवेअरच्या आतले सॉफ्टवेअर) दिलेले आहे.

रात्रीत मागे जाणारे घड्याळ

या एका दोषावर मी अधिक विस्ताराने लिहीत आहे, कारण त्याची लक्षणे विखुरलेली असतात आणि तो सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. मी वापरलेल्या बाजारातून घेतलेला एक लॅपटॉप आठव्या पिढीचा होता आणि पात्रतेच्या सर्व कसोट्यांना उतरत होता. तरीही सकाळी अपडेट सुरू केले की ‘०एक्स८००७२एफ८एफ’ हा कोड येई, ब्राउझर ओळखीची संकेतस्थळेही असुरक्षित असल्याचे सांगे, आणि एखाद्या सकाळी तर विंडोज चालूच न होता निळ्या पडद्यावर बूट करण्याचे उपकरण उपलब्ध नसल्याची सूचना दिसे. दुपारपर्यंत हाताने दुरुस्ती करून यंत्र मार्गी लागे आणि डाउनलोड पुढे सरके. मी आधी डिस्कवर संशय घेतला, मग इंटरनेट जोडणीवर. चार दिवस वहीत नोंदी केल्या तेव्हा संगती दिसली. ज्या रात्री चार्जर काढून ठेवला होता, त्याच्या दुसऱ्या सकाळी यंत्राचे घड्याळ १ जानेवारी २०१८ ही तारीख दाखवत होते. ज्या रात्री चार्जर लावलेला राहिला, त्या सकाळी काहीच बिघडलेले नव्हते.

यामागचे कारण असे आहे. यंत्र पूर्णपणे बंद असताना घड्याळ चालू ठेवण्याचे काम मदरबोर्डला जोडलेली नाण्याच्या आकाराची छोटी बॅटरी करते, आणि पुष्कळ यंत्रांत बायॉसमधली सेटिंग्जही तिच्या आधाराने टिकतात. लॅपटॉपची मुख्य बॅटरी शाबूत असते तोवर या छोट्या बॅटरीचा अशक्तपणा झाकला जातो. मात्र मुख्य बॅटरीही निकामी झालेली असली की चार्जर काढताच दोन्ही आधार जातात. तारीख काही वर्षे मागे गेली की सर्व्हरची सुरक्षा प्रमाणपत्रे ‘अजून सुरू न झालेली’ ठरतात आणि अपडेटची जोडणी नाकारली जाते. विंडोजची वेळ जुळवणारी सेवा हे आपोआप सुधारेल अशी अपेक्षा असते, परंतु घरगुती संगणकावर ही सेवा मूळ नेमणुकीनुसार १५ तासांपर्यंतचाच फरक दुरुस्त करते. काही वर्षांचा फरक ती तशीच सोडून देते. निळ्या पडद्याचे कारणही हेच होते. विक्रेत्याने डिस्कचा कंट्रोलर (डिस्कशी संपर्क ठेवणारा भाग) ‘एएचसीआय’ या पद्धतीवर ठेवून विंडोज घातले होते, आणि बायॉस मूळ सेटिंग्जवर परतले की कंट्रोलर ‘रेड’ पद्धतीवर जात होता. डिस्क निरोगी होती, पण विंडोजला ती दिसत नव्हती.

यंत्र बंद करून आणि चार्जर काढून मी मागचे झाकण उघडले व सर्वप्रथम मुख्य बॅटरीचा कनेक्टर सोडवला. पंख्याच्या बाजूला, काळ्या प्लॅस्टिकच्या वेष्टणात गुंडाळलेली सीआर२०३२ बॅटरी दुहेरी चिकटपट्टीने बसवलेली होती, आणि तिच्यापासून लाल आणि काळी अशा दोन बारीक तारा दोन टाचण्यांच्या पांढऱ्या कनेक्टरपर्यंत गेल्या होत्या. मल्टिमीटरची टोके लावल्यावर १.७ व्होल्ट दिसले. चांगल्या बॅटरीवर सुमारे ३ व्होल्ट दिसायला हवेत. डेस्कटॉपमध्ये हीच बॅटरी उघड्या खाचेत असते आणि बोटाने बदलता येते. लॅपटॉपसाठी मात्र तारा आणि कनेक्टर आधीच जोडलेली बॅटरी आपल्या मॉडेलनुसार मागवावी, कारण लिथियम बॅटरीला थेट डाग देऊन तारा जोडणे धोकादायक आहे. शिवाय एकसारख्या दिसणाऱ्या कनेक्टरांत धन आणि ऋण टोकांची जागा उलटी असू शकते. नवी बॅटरी जोडण्यापूर्वी लाल तार कोणत्या बाजूला होती हे जुन्या बॅटरीशी ताडून पाहावे.

बॅटरी बदलल्यावर बायॉसमध्ये जाऊन तारीख लावावी, आणि आधी काढलेल्या छायाचित्रांशी ताडून कंट्रोलरची पद्धत, टीपीएम आणि सिक्युअर बूट ही सेटिंग्ज पूर्ववत करावीत. मग चार्जर काढून यंत्र एक रात्र तसेच ठेवावे. सकाळी तारीख बरोबर दिसली तरच अपग्रेडचा विचार करावा.

अपग्रेड कोठे अडले हे कोड सांगतो

अपग्रेड मागे फिरल्यावर बहुधा दोन भागांचा कोड मिळतो, उदाहरणार्थ ‘०एक्ससी१९००१०१ – ०एक्स२००१७’. लोक पहिला भाग शोधतात, पण तो अतिशय व्यापक आहे. बहुतेकदा एखाद्या ड्रायव्हरमुळे (उपकरण चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे) परत फिरावे लागले, एवढाच त्याचा अर्थ असतो. दुसऱ्या भागातला ‘एक्स’नंतरचा पहिला आकडा अधिक उपयोगी आहे, कारण तो टप्पा सांगतो. तेथे १ असेल तर अडचण जुन्या विंडोजमध्ये तयारी चालू असतानाच आली आहे आणि जागा, अपुरा डाउनलोड किंवा एखादे आड येणारे सॉफ्टवेअर पाहावे. २ असेल तर यंत्र पहिल्या रीस्टार्टनंतर तात्पुरत्या सुरक्षित वातावरणात असताना अडले आहे. डिस्क, कंट्रोलर, बायॉस आणि इतर कंपन्यांची एन्क्रिप्शन सॉफ्टवेअर यांच्यावर संशय घ्यावा. ३ म्हणजे नवे विंडोज पहिल्यांदा उभे राहताना ड्रायव्हर कोसळला, आणि ४ म्हणजे दुसऱ्या वेळी, खाती व सेटिंग्ज स्थलांतरित होत असताना काम थांबले.

याहून नेमके कारण हवे असेल तर ‘सेटअपडायग’ हे मायक्रोसॉफ्टचे साधन उपयोगी पडते. विंडोज १० च्या २००४ या आवृत्तीपासून ते सेटअपमध्येच समाविष्ट असून अपग्रेड फसल्यावर आपोआप चालते, आणि त्याचा निष्कर्ष विंडोजच्या फोल्डरातील ‘लॉग्ज’मध्ये ‘सेटअपडायग’ या नावाच्या फोल्डरात मिळतो. त्या फाइलमध्ये कित्येकदा दोषी ड्रायव्हरचे नाव स्पष्ट लिहिलेले असते. ती न वाचता उपाय करत राहणे म्हणजे अंधारात चाचपडणे होय.

जागा आहे, तरीही जागा नाही

मुख्य ड्राइव्हवर जागा कमी असणे ही सहज दिसणारी गोष्ट आहे. मी स्वतः किमान ३० जीबी मोकळे ठेवल्याशिवाय सुरुवात करत नाही. परंतु ड्राइव्हवर शंभर जीबी मोकळे असूनही ‘सिस्टिम रिझर्व्हड पार्टिशन अद्ययावत करता आले नाही’ असा संदेश येतो, तेव्हा लोक गोंधळून जातात. हा संदेश आपल्याला रोज दिसणाऱ्या ड्राइव्हविषयी नसतो. तो बूटच्या फायली ठेवणाऱ्या, ड्राइव्हचे अक्षर नसलेल्या छोट्या पार्टिशनविषयी (डिस्कच्या वेगळ्या भागाविषयी) असतो. जीपीटी या डिस्क विभागण्याच्या नव्या पद्धतीच्या डिस्कवर हे ईएफआय पार्टिशन बरेचदा अवघ्या १०० एमबीचे असते, आणि अपग्रेडला त्यात सुमारे १५ एमबी जागा लागते. अनेक वर्षे वापरलेल्या यंत्रात उत्पादकाची फर्मवेअर अपडेट्स, आधीच्या ऑपरेटिंग सिस्टिमचे बूटलोडर (ती सुरू करून देणाऱ्या फायली) आणि इतर अवशेष तेथे साचून राहिलेले असतात.

जीपीटी डिस्कवर मायक्रोसॉफ्टनेच सांगितलेला एक उपाय आहे आणि तो मी अनेकदा यशस्वीपणे वापरला आहे. प्रशासकाच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘माउंटव्हॉल वाय: /एस’ ही आज्ञा दिली की हे पार्टिशन ‘वाय’ या अक्षराने खुले होते. त्यातील ‘ईएफआय’, मग ‘मायक्रोसॉफ्ट’, मग ‘बूट’ या फोल्डरांतून ‘फॉन्ट्स’ या फोल्डरापर्यंत जावे आणि फक्त तेथील फॉन्टच्या फायली काढून टाकाव्यात. या फायली बूटच्या पडद्यावर निरनिराळ्या भाषांतील अक्षरे दाखवण्यासाठी असतात. त्या नसल्या तरी विंडोज चालू होते. लागणारी जागा एवढ्याने बहुधा मिळते. शेजारच्या फोल्डरांत उत्पादकाच्या नावाच्या फायली दिसल्या तर त्या पुसण्याचा मोह टाळावा, कारण त्यांपैकी कोणती बायॉसला लागते हे नावावरून कळत नाही.

यातच आणखी एक गुंता दडलेला असतो. विक्रेता जुनी हार्ड डिस्क तशीच ठेवून जवळ नवी एसएसडी बसवतो आणि विंडोज एसएसडीवर घालतो, पण जुन्या डिस्कवरचे ईएफआय पार्टिशन पुसत नाही. काही वेळा तर बूटच्या फायली जुन्या डिस्कवर आणि विंडोज नव्या डिस्कवर अशी विभागणी झालेली असते. अशा यंत्रात अपग्रेड पहिल्या रीस्टार्टनंतर मागे फिरू शकते. ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडून अशी दोन पार्टिशने दिसतात का हे पाहावे; दिसल्यास यंत्र बंद करून जुन्या डिस्कची जोडणी तात्पुरती काढावी आणि विंडोज चालू होते का ते पाहावे. चालू झाले तर डिस्क काढलेली ठेवूनच अपग्रेड करावे. चालू झाले नाही तर बूटच्या फायली जुन्या डिस्कवर आहेत हे कळले, आणि अशा वेळी एकट्या एसएसडीवर स्वच्छ इन्स्टॉल करणे मला अधिक भरवशाचे वाटते.

आधीच्या मालकाचे ड्रायव्हर

विक्रेते वेळ वाचवण्यासाठी एका यंत्रावर तयार केलेली डिस्क अनेक यंत्रांवर जशीच्या तशी उतरवतात, आणि त्यामुळे भलत्याच मॉडेलचे ड्रायव्हर आपल्या यंत्रात येऊन बसतात. ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये ‘व्ह्यू’ या सूचीतून लपलेली उपकरणे दाखवण्याचा पर्याय निवडला की सध्या न जोडलेली उपकरणे फिकट चिन्हांनी दिसतात. आपल्याकडे कधीच नसलेले प्रिंटर, डॉक किंवा नेटवर्क कार्ड त्यांत आढळल्यास ते ड्रायव्हरसह काढून टाकावेत. सिस्टिमची अंगभूत उपकरणेही याच यादीत असतात, म्हणून नाव ओळखीचे नसेल तर आधी माहिती घ्यावी.

कार्यालयातून निघालेल्या यंत्रांत व्हीपीएनची जुनी क्लायंट सॉफ्टवेअर आणि इतर कंपन्यांचे अँटिव्हायरस नेटवर्क व डिस्क यांच्या आड स्वतःचे फिल्टर ड्रायव्हर बसवतात. ही सॉफ्टवेअर नुसती बंद करून भागत नाही. ती त्यांच्या स्वतःच्या काढून टाकण्याच्या साधनाने पूर्णपणे काढावी लागतात. त्यानंतर बायॉस आणि चिपसेटचे ड्रायव्हर उत्पादकाच्या पानावरून अद्ययावत करावेत. मुख्य बॅटरी ठरावीक प्रमाणात चार्ज असल्याशिवाय बहुतेक लॅपटॉप बायॉस अपडेट स्वीकारत नाहीत, त्यामुळे मेलेल्या बॅटरीचा प्रश्न येथेही आडवा येतो.

एवढे झाल्यावर मी विंडोज अपडेटमधून न जाता पूर्ण आयएसओ फाइल (सगळे इन्स्टॉलेशन एकाच फाइलमध्ये) उतरवतो, ती जुन्या विंडोजमध्येच उघडून त्यातला सेटअप चालवतो, आणि कीबोर्ड व माउस सोडून सर्व यूएसबी उपकरणे व मेमरी कार्ड काढून ठेवतो.

डिस्क, रॅम आणि उष्णता

अपग्रेड अनेक जीबी लिहिते आणि वाचते, त्यामुळे रोजच्या वापरात न जाणवणारा दोष तेव्हा उघड होतो. क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या साधनाने डिस्कची ‘स्मार्ट’ माहिती, म्हणजे डिस्कने स्वतःच्या प्रकृतीची ठेवलेली नोंद, पाहावी. हार्ड डिस्कवर बदलून घेतलेल्या किंवा प्रलंबित सेक्टरांची संख्या शून्याहून अधिक आणि वाढती असेल, तर त्या डिस्कवर अपग्रेड करूच नये, नवी एसएसडी बसवावी. रॅम वेगवेगळ्या यंत्रांतून गोळा केलेली असू शकते. मेमटेस्ट८६+ रात्रभर चालवल्यावर एकही चूक दिसता कामा नये. टक्केवारी चालू असतानाच यंत्र अचानक पूर्ण बंद पडत असेल तर पंख्यात साचलेली धूळ आणि प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट तपासावी.

जुन्या पद्धतीचे बूट

‘एमएसइन्फो३२’ चालवल्यावर ‘बायॉस मोड’समोर ‘लेगसी’ असे दिसले, तर यंत्र पात्र असूनही सिक्युअर बूट चालू करता येत नाही. विक्रेत्याने डिस्क एमबीआर या जुन्या पद्धतीने तयार केल्याची ही खूण आहे. अशा वेळी घाईने बायॉस यूईएफआयवर नेले तर विंडोज चालूच होणार नाही. आधी डिस्क बदलावी, नंतर बायॉस. यासाठी विंडोजमध्येच ‘एमबीआर२जीपीटी’ हे साधन २०१७ पासून आहे आणि ते फायली न पुसता डिस्क जीपीटीवर नेते. चालू विंडोजमधून वापरताना त्याला ‘/अलाउफुलओएस’ हा पर्याय द्यावा लागतो. प्रथम ‘/व्हॅलिडेट’ने चाचणी घ्यावी आणि ती उत्तीर्ण झाली तरच ‘/कन्व्हर्ट’ वापरावे. डिस्कवर तीनपेक्षा अधिक प्रायमरी पार्टिशने असतील तर चाचणी फसते; विक्रेत्याने किंवा उत्पादकाने ठेवलेले जादा रिकव्हरी पार्टिशन हे त्याचे नेहमीचे कारण असते.

स्वच्छ इन्स्टॉल आणि परवाना

वरचे सर्व करूनही अपग्रेड मागे फिरत असेल तर स्वच्छ इन्स्टॉल हाच मार्ग उरतो, आणि कोणाच्याही हातून आलेल्या डिस्कच्या बाबतीत मी तोच अधिक पसंत करतो. मात्र डिस्क पुसण्यापूर्वी परवान्याची स्थिती पाहावी. ‘एसएलएमजीआर /एक्सपीआर’ ही आज्ञा दिल्यावर परवाना कायमचा आहे असे दिसले तर ठीक. समाप्तीची तारीख दिसली, तर तो एखाद्या संस्थेच्या सामूहिक परवान्यातून आलेला आहे. अशी सक्रियता १८० दिवसांची असते आणि संस्थेच्या सर्व्हरशी संपर्क झाला नाही की संपते, म्हणजे काही महिन्यांनी यंत्र परवाना मागू लागते. विंडोज ८ नंतरच्या बहुतेक ब्रँडेड यंत्रांत मूळ की फर्मवेअरमध्येच असते आणि सेटअप ती आपोआप वाचतो. ती ‘होम’ची असेल आणि विक्रेत्याने ‘प्रो’ घालून दिले असेल, तर स्वच्छ इन्स्टॉलनंतर ‘होम’ दिसणे स्वाभाविक आहे.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. स्वच्छ इन्स्टॉलनंतर इंटरनेट जोडताच एखाद्या अनोळखी कंपनीचे नाव आणि तिच्या खात्याने प्रवेश करण्याची मागणी पडद्यावर आली, तर यंत्राची ओळख त्या कंपनीच्या ‘ऑटोपायलट’ यादीत (कंपन्यांची यंत्रे सांभाळणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या सेवेत) अजून नोंदलेली आहे. डिस्क कितीही वेळा पुसली किंवा बदलली तरी ही नोंद जात नाही, कारण ती यंत्रात साठवलेली नसते. ती हार्डवेअरच्या ओळखीवरून मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर असते आणि त्या कंपनीचा प्रशासकच ती काढू शकतो. यंत्र परत करण्याची मुदत असतानाच एकदा स्वच्छ इन्स्टॉल करून पाहावे, असे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो, ते यासाठीच.

यंत्र पात्र नसेल तर

पात्रतेची तपासणी चुकवून विंडोज ११ घालण्याच्या युक्त्या सर्वत्र फिरतात. अशा यंत्रांना अपडेट मिळण्याची हमी नाही, असे मायक्रोसॉफ्टने स्पष्ट सांगितले आहे. शिवाय विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीपासून प्रोसेसरमध्ये एसएसई४.२ आणि पॉपकाउंट या सूचनांचे समर्थन नसेल तर विंडोज चालूच होत नाही, म्हणजे कोअर २ ड्युओच्या काळातील यंत्रांसाठी तो रस्ता कायमचा बंद आहे. ज्या एकमेव संगणकावर आपले काम अवलंबून आहे, त्यावर हा प्रयोग करू नये असे माझे मत आहे.

विंडोज १० च्या २२एच२ आवृत्तीला घरगुती वापरासाठी विस्तारित सुरक्षा अपडेट्सची सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. तेवढा वेळ हाताशी घेता येतो. त्यापुढे मी लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती सुचवतो. मिंट २२ मालिका उबुंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्स आवृत्तीवर आधारलेली असून तिला २०२९ पर्यंत समर्थन आहे, आणि ४ जीबी रॅम व एसएसडी असलेल्या जुन्या ६४ बिट यंत्रावर ती समाधानकारक चालते. ती पेन ड्राइव्हवरून, डिस्कला हात न लावता चालवून पाहता येते. वायफाय, आवाज, झाकण मिटल्यावर झोपणे आणि परत जागे होणे या चार गोष्टी तेथे व्यवस्थित चालल्या की मगच इन्स्टॉल करावे. विशिष्ट विंडोज सॉफ्टवेअरवर काम अवलंबून असेल तर हा पर्याय लागू पडणार नाही, आणि मग दुसरे यंत्र शोधणे हेच प्रामाणिक उत्तर आहे.

अपग्रेड यशस्वी झाल्यावर

जुनी आवृत्ती ‘विंडोज.ओल्ड’ या फोल्डरात राहते आणि मूळ सेटिंगनुसार १० दिवसांपर्यंत मागे जाता येते, म्हणून तेवढे दिवस तो फोल्डर जागेसाठी पुसू नये. या काळात प्रिंटर, कॅमेरा, बाहेरचा पडदा आणि झोपेतून जागे होणे हे सर्व एकदा तरी वापरून पाहावे. वर वर्णन केलेल्या लॅपटॉपवर मी आठव्या दिवशी पुन्हा चार्जर काढून यंत्र रात्रभर बंद ठेवले. सकाळी तारीख बरोबर होती, बायॉसमध्ये कंट्रोलर एएचसीआयवरच होता आणि अपडेटची तपासणी पहिल्याच वेळी पूर्ण झाली. नवी छोटी बॅटरी बसवल्याची तारीख झाकणाच्या आतल्या बाजूला कागदाच्या पट्टीवर लिहून चिकटवली आहे, म्हणजे हे यंत्र पुढे ज्याच्या हाती जाईल त्याला तरी ती शोधत बसावे लागणार नाही.